आयुष्य वाढवणारी जनुकं : वाचकांचे प्रश्न

सी. एलिगन्स या एका मिलिमीटरच्या कृमीत डॅफ-२ नावाचं एकच जनुक मंदावलं की त्याचं आयुष्य दुप्पट होतं, यावर गेल्या अंकात लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्यांना जागा जास्त दिली आहे, कारण या विषयातले बरेच वाद प्लेट, तापमान आणि तुलनेचा गट इथेच सुरू होतात.

प्रश्न : जनुक बिघडलं तर आयुष्य घटायला हवं. इथे ते वाढतं कसं? (निवृत्त शिक्षक, सातारा)

डॅफ-२ हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावर बसणारा एक ग्राही, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन, बनवतं. आपल्या शरीरातल्या इन्सुलिनच्या ग्राहीच्या कुळातलाच हा ग्राही आहे. खाणं मुबलक असलं की इन्सुलिनसारखे संदेश त्याला येऊन मिळतात, एज-१ या एन्झाइममार्फत निरोप पुढे जातो आणि साखळीच्या टोकाला डॅफ-१६ हे प्रथिन केंद्रकाच्या बाहेर अडकून पडतं. या सगळ्याचा मथितार्थ : वाढा, अंडी घाला, डागडुजीचं नंतर पाहू. ग्राही कमजोर झाला की डॅफ-१६ केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकांचं काम बदलतं. उष्णता सोसायला मदत करणारी, चुकीची घडी पडलेली प्रथिनं सावरणारी, जंतूंना तोंड देणारी जनुकं जागी होतात. एरवी दाबून ठेवलेली देखभाल अशी मोकळी होते. डॅफ-२ सोबत डॅफ-१६ सुद्धा निकामी केलं तर वाढलेलं आयुष्य नाहीसं होतं, हा त्याचा सरळ पुरावा.

ही यंत्रणा कृमीकडे मुळात कशासाठी आहे? लहानपणी गर्दी आणि उपासमार वाट्याला आली, तर सी. एलिगन्सची अळी 'डाउअर' नावाच्या अवस्थेत जाते. तोंड बंद, खाणं बंद, आणि अशी ती काही महिने तग धरते. एरवी हा कृमी २० अंश सेल्सियसला दोन-तीन आठवडे जगतो. डॅफ-२ कमजोर असलेला कृमी प्रौढ होतो, खातो, हिंडतो, पण त्या संकटकाळच्या यंत्रणेचा काही भाग वापरत राहतो.

मायकेल क्लास यांनी १९८३ मध्ये दीर्घायुषी उत्परिवर्ती कृमी वेगळे केले. फ्रीडमन आणि जॉन्सन यांनी १९८८ मध्ये त्यातल्या एका जनुकाला एज-१ म्हटलं. डॅफ-२ चा परिणाम सिंथिया केन्यन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवला. त्याचं इन्सुलिनच्या ग्राहीशी नातं १९९७ मध्ये गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. सूक्ष्म आरएनएसाठी २०२४ चं नोबेल मिळालेले हेच ते रुव्हकुन. त्यानंतर २००१ मध्ये फळमाशीत आणि २००३ मध्ये उंदरात याच मार्गावर बोट ठेवता आलं.

हा लाभ फुकट मिळत नाही. जनुक पूर्ण बंद केलं तर अळ्या डाउअरमध्येच अडकतात, तेव्हा ते फक्त कमजोर करावं लागतं. तेही निसर्गात टिकेल असं नाही. डॅफ-२ चे उत्परिवर्ती कृमी साध्या कृमींबरोबर एकाच प्लेटवर वाढवले, तेव्हा चार पिढ्यांत ते नामशेष झाले, कारण सुरुवातीच्या दिवसांत त्यांना पिल्लं कमी होतात. हा प्रयोग २००४ चा. आयुष्य वाढवणारं जनुक म्हणजे सगळ्या अर्थाने चांगलं जनुक, असं समजू नये.

प्रश्न : २० अंशांवर साध्या एन-२ (प्रयोगशाळेतला प्रमाण वाण) कृमींचं सरासरी आयुष्य १८ दिवसांच्या आसपास यायला हवं. माझं ११ येतंय, आणि १०० पैकी ४० कृमी 'हरवले' म्हणून वगळावे लागले. काय चुकतंय? (एम. एस्सी. विद्यार्थिनी, पुणे)

आधी तापमान. इन्क्युबेटरच्या पडद्यावर २० दिसतं आणि वरच्या कप्प्यात २३-२४ असतं, हे नेहमीचं आहे. प्लेट जिथे ठेवता त्याच उंचीवर पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून दोन-तीन दिवस नोंदी घ्या. २५ अंशांवर हाच कृमी बराच लवकर मरतो. मोजणीसाठी प्लेट्स तासन्‌तास बाहेर राहतात का, सूक्ष्मदर्शकाचा दिवा त्यांना तापवतो का, हेही बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात लॅबचं तापमान ३० च्या पुढे जातं, म्हणून एका वेळी पाच-सहाच प्लेट्स बाहेर काढा.

दुसरं, प्लेट. एक लिटर एनजीएमसाठी (कृमी वाढवायचं आगरचं माध्यम) मीठ ३ ग्रॅम, पेप्टोन २.५ ग्रॅम, आगर १७ ग्रॅम आणि पाणी ९७५ मिलि घेऊन ऑटोक्लेव्ह करा. साधारण ५५ अंशांपर्यंत निवल्यावर कोलेस्टेरॉल १ मिलि (इथेनॉलमध्ये मिलिला ५ मिलिग्रॅम), १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिलि, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिलि आणि शेवटी पीएच ६ चं १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट २५ मिलि घाला. प्रत्येक वेळी ढवळून मगच पुढचं. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकदम किंवा गरम माध्यमात पडले की पांढरा साका बसतो आणि तुमच्या प्लेट्स एकमेकींसारख्या राहत नाहीत. कोलेस्टेरॉल विसरू नका, हा कृमी स्वतः स्टेरॉल बनवू शकत नाही.

कृमींचं खाद्य असलेल्या ओपी-५० जिवाणूंचा थेंब प्लेटच्या मधोमध टाका, कडेपर्यंत पसरू नका. तुमचे हरवलेले बरेच कृमी इथेच सापडतील. थर कडेला लागला किंवा प्लेट ओली राहिली, की कृमी प्लास्टिकच्या भिंतीवर चढतात आणि वाळून मरतात. ओतलेल्या प्लेट्स एक-दोन दिवस वाळू द्या. कृमी उचलायच्या तारेच्या (पिकच्या) टोकाने आगरला चीर पडली असेल तर कृमी तिच्यातून आत शिरतात, म्हणून चिरलेली प्लेट बाजूला काढा.

जिवाणूंचाही हात असतो. म्हाताऱ्या कृमीला जिवंत ओपी-५० पुरतं निरुपद्रवी नसतं. जिवाणू मारून खायला घातले तर कृमी जास्त जगतात. लवकर मेलेल्यांची मान बघा. घसा सुजलेला दिसला तर तिथे जिवाणू वाढले आहेत. बुरशी किंवा दुसरे जिवाणू दिसले, तर कृमी स्वच्छ प्लेटवर हलवून तिथे अर्धा तास फिरू द्या आणि मग पुढच्या प्लेटवर न्या.

आता मोजणी. एकाच वयाचे कृमी मिळवायला दहा-पंधरा अंडीभरले कृमी एका प्लेटवर तीन-चार तास ठेवून काढून घ्या. ब्लीचने अंडी काढायची असतील तर ३.५ मिलि पाण्यातल्या कृमींत ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ०.५ मिलि आणि ब्लीच १ मिलि एकत्र करून घाला. सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहा आणि शरीरं विरघळताच थांबवून धुवा. दहा मिनिटांच्या पुढे गेलात तर अंडीही मरतात. एल-४ ही अळीची शेवटची अवस्था ओळखायला पोटाच्या मध्यावर एक फिकट अर्धचंद्र दिसतो. तो दिसला की उचला. शून्य दिवस एल-४ चा धरायचा की प्रौढपणाच्या पहिल्या दिवसाचा, हे आधी ठरवून वहीत लिहा. वेगवेगळ्या लॅबच्या आकड्यांत एक दिवसाचा फरक बऱ्याचदा यामुळेच दिसतो.

पहिला आठवडाभर रोज नव्या प्लेटवर हलवा, नाहीतर पिल्लं मोठी होऊन आईंमध्ये मिसळतील. पिल्लं थांबली की तीन-चार दिवसांनी हलवलं तरी चालतं. ५० मायक्रोमोलर एफयूडीआर हे रसायन घालून पिल्लं रोखणं सोपं आहे, पण एल-४ च्या आधी ते देऊ नका, आणि त्याच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. गॅस-१ या जनुकाच्या उत्परिवर्ती कृमींचं आयुष्य या रसायनानेच वाढतं, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. तपासणीच्या पहिल्या फेऱ्यांना एफयूडीआर ठीक आहे. अंतिम निष्कर्ष मात्र त्याच्याशिवाय केलेल्या प्रयोगावर काढा.

मेला कधी म्हणायचं? म्हातारा कृमी तासन्‌तास एका जागी सरळ पडून असतो आणि मेल्यासारखा दिसतो. प्लॅटिनमच्या तारेने आधी शेपटीकडे, मग डोक्याकडे हलकेच स्पर्श करा. नाकाचं टोक जरासं जरी हललं तरी तो जिवंत. घाईत इथे बरेच जिवंत कृमी मृत धरले जातात, आणि एकदा उचलून टाकलेला कृमी परत मोजता येत नाही. शंका आली तर जागेवर खूण करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

वगळण्याबद्दल. पोटातच अंडी फुटून पिल्लांनी आईला आतून खाल्लं, योनिद्वारातून आतडं बाहेर आलं, भिंतीवर वाळला, सापडतच नाही : हे चार प्रकार वेगवेगळे लिहा. अशा कृमीला यादीतून पुसायचं नसतं. त्या दिवसापर्यंत तो जिवंत होता ही माहिती कॅप्लान-मायर या जगण्याचा आलेख काढायच्या पद्धतीत वापरली जाते, म्हणून त्याची नोंद 'सेन्सर्ड' अशी होते. तुम्ही ४० जण पूर्णच काढले असतील तर तुमची सरासरी तिथेही खाली आली आहे. मात्र एका गटात ५ आणि दुसऱ्यात ४० सेन्सर्ड असतील तर दोन गटांची तुलना करणाऱ्या लॉग-रँक चाचणीचा आकडा कितीही देखणा आला तरी त्याच्यावर विसंबू नका.

प्रत्येक गटात किमान १०० कृमी, तीन स्वतंत्र फेऱ्या आणि प्लेटवर वाणाच्या नावाऐवजी दुसऱ्या कुणीतरी घातलेला क्रमांक. आरएनएआय (खास जिवाणू खायला घालून एखादं जनुक दाबणं) करणार असाल तर तुलनेचा गट ओपी-५० वर ठेवू नका. त्याला रिकाम्या एल-४४४० प्लाझ्मिडचे एचटी-११५ जिवाणूच खायला हवेत, कारण जिवाणूंचा वाण बदलला तरी आयुष्य बदलतं. डॅफ-२ चा ई-१३७० हा वाण वापरलात तर अळ्या २५ अंशांवर कधीही वाढवू नका. सगळ्या डाउअर होतील.

साधे कृमी ११ दिवसांत मरत असताना एखाद्या औषधाने ते १६ दिवस जगले, तर ती 'वाढ' जाहीर करू नका. आजारी कृमी थोडे कमी आजारी झाले, एवढंच त्यातून कळतं. साधा गट १८ च्या आसपास येईपर्यंत पुढचा कुठलाही प्रयोग सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सर्ट्युइन हे दीर्घायुष्याचं जनुक आणि रेस्व्हेराट्रॉल त्याची चावी, असं जाहिरातीत वाचलं. गोळ्या घ्याव्यात का? (वाचक, नागपूर)

घेण्याजोगा पुरावा नाही. यीस्टमध्ये सर-२ या सर्ट्युइन जनुकाची एक जादा प्रत घातली की मातृपेशी जास्त वेळा विभागते, हे १९९९ मध्ये लेनर्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेतून आलं. कृमीत तेच जनुक वाढवल्यावर आयुष्य ५० टक्क्यांपर्यंत वाढतं, असा २००१ चा निष्कर्ष होता. मग २०११ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच कृमींचा वाण साध्या एन-२ शी पुन्हा पुन्हा संकरित केला. जादा सर-२ तसंच राहिलं आणि वाढलेलं आयुष्य गेलं! त्या वाणात चेतापेशींवर परिणाम करणारं दुसरंच एक उत्परिवर्तन लपलेलं होतं आणि आयुष्य त्याने वाढत होतं. ग्वारेंटेंच्या गटाचं म्हणणं असं की स्वच्छ केलेल्या वाणातही वाढ उरते, पण तीही पूर्वीच्या मानाने बरीच कमी.

संकराच्या प्रत्येक फेरीत, हव्या असलेल्या जनुकापासून दूर असलेले उपरे बदल साधारण निम्मे होतात. म्हणून लॅबमध्ये चार ते सहा फेऱ्या करतात. जवळचे बदल मात्र जनुकाला चिकटून येतात. त्यासाठी दुसऱ्या पद्धतीने बनवलेला स्वतंत्र वाणही तोच निकाल देतो का, हे बघावं लागतं.

रेस्व्हेराट्रॉल अमेरिकेतल्या तीन केंद्रांनी एकाच वेळी निरोगी उंदरांना दिलं होतं. २०११ मध्ये निकाल आला : आयुष्य वाढलं नाही.

प्रश्न : बी. एस्सी. च्या मुलांकडून कमी खर्चात आयुर्मानाचा एखादा प्रयोग करून घ्यायचा आहे. फळमाशी चालेल का? (प्राध्यापिका, नांदेड)

उत्तम चालेल. केळ्यावर जमलेल्या माश्या मात्र घेऊ नका, त्यात बऱ्याच जाती मिसळलेल्या असतात. म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला स्टॉक सेंटरसारख्या ठिकाणाहून ओरेगॉन-आर किंवा कॅन्टन-एस असा ठरलेला वाण मागवा. तापमान २५ अंश. बीओडी इन्क्युबेटर असेल तर वर्षभर करता येईल, नाहीतर नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. ३० अंशांच्या आसपास नर वांझ होऊ लागतात, तेव्हा एप्रिलमध्ये वाणच हातचा जाईल.

जनुकात हात न घालता हाच मार्ग दाखवायचा तर आहारातलं यीस्ट बदला. एक लिटरला साखर ५० ग्रॅम, आगर १५ ग्रॅम आणि यीस्ट तीन प्रमाणांत : १०, १०० आणि २०० ग्रॅम. बेकरीचं कोरडं यीस्ट वापरत असाल तर नीट उकळा, नाहीतर नळीत फेस येऊन माश्या त्यात बुडतात. ६५ अंशांखाली निवल्यावरच निपॅजिन या बुरशीरोधकाचं इथेनॉलमधलं १० टक्के द्रावण ३० मिलि आणि प्रोपिऑनिक आम्ल ३ मिलि घाला. जास्त गरम असताना घातलं तर इथेनॉलची वाफ होते, ती पेट घेऊ शकते, आणि बुरशीही आवरत नाही. आम्ल त्वचा भाजतं. मुलांना हातमोजे द्या.

एका दिवसात बाहेर आलेल्या माश्या घ्या, ४८ तास नरांसोबत ठेवा, मग माद्या वेगळ्या करा. एका नळीत १०, प्रत्येक आहाराच्या १५ नळ्या. आठवड्यातून तीनदा नव्या नळीत हलवा आणि मेलेल्या मोजा. नळीला ६ मिलि धरले तर ४५ नळ्यांना एका वेळी २७० मिलि आणि आठवड्याला सुमारे ८०० मिलि खाद्य लागेल. आठ-दहा आठवड्यांची तयारी ठेवा. साधारणपणे १० ग्रॅमवरच्या माश्या उपाशी राहून लवकर मरतात, २०० ग्रॅमवरच्या भरपूर अंडी घालतात पण १०० ग्रॅमवरच्यांइतक्या जगत नाहीत. दुसरं यीस्ट वापरलं की ही शिखरं सरकतात, म्हणून संपूर्ण प्रयोगाला एकाच पाकिटाचं यीस्ट घ्या.

मुलांकडून दोन चुका हमखास होतात. मेलेली माशी हलवताना नव्या नळीत पडते आणि पुढच्या वेळी पुन्हा मोजली जाते. तिची नोंद 'सोबत आलेली' अशी वेगळ्या रकान्यात ठेवा. उडून गेलेली माशी मृत धरली जाते, ती सेन्सर्ड. शिवाय अळ्यांची गर्दी सगळ्या बाटल्यांत सारखी हवी. दाटीत वाढलेल्या माश्या लहान राहतात आणि गटांची तुलना तिथेच कोलमडते.

वॉल्बाकिया या पेशीत राहणाऱ्या जिवाणूबद्दलही मुलांना सांगा. 'इंडी' या जनुकाने माशीचं आयुष्य वाढतं, असं २००० मध्ये प्रसिद्ध झालं होतं. २००७ मध्ये दुसऱ्या गटाने जनुकीय पार्श्वभूमी आणि वॉल्बाकिया दोन्ही सारखे करून पाहिलं, तर वाढ दिसली नाही.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्यांनी नव्वदी ओलांडली आहे. जनुक-चाचणी करावी का? आणि रॅपामायसिनने आयुष्य वाढतं हे खरं का? (वाचक, ठाणे)

चाचणीतून हाती फारसं लागणार नाही. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात आयुर्मानातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा अनुवंशिकतेकडे गेला. २०१८ मध्ये प्रचंड मोठ्या वंशावळींतून काढलेला आकडा १० टक्क्यांच्याही खाली आला, कारण माणसं स्वतःसारख्याच जोडीदाराशी लग्न करतात हे त्यात हिशेबात घेतलं होतं. कृमीच्या डॅफ-१६ चं मानवी भावंड म्हणजे फॉक्सओ-३. त्याच्या एका रूपाचा दीर्घायुष्याशी संबंध २००८ मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत दिसला आणि पुढे इतर समाजांतही. तो परिणाम लोकसंख्येत दिसतो, एका घराचं भाकीत त्यावरून करता येत नाही. इक्वेडोरमधल्या लॅरॉन सिंड्रोमच्या लोकांत वाढीच्या संप्रेरकाचा ग्राही काम करत नाही. त्यांना कर्करोग आणि मधुमेह फारच कमी होतो, पण ते इतरांपेक्षा जास्त जगतात असं आढळलेलं नाही. याच ग्राहीच्या अभावाने उंदीर मात्र कितीतरी जास्त जगतात.

रॅपामायसिनचा उंदरांतला पुरावा भक्कम आहे. २००९ मध्ये तीन केंद्रांत, चार वाणांच्या संकरातून आलेल्या उंदरांवर तो मिळाला. औषध खाद्यात टिकत नव्हतं. त्याच्यावर लेप चढवण्याची पद्धत बसेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले होते. त्या वयात सुरू करूनही, ९० टक्के उंदीर मरेपर्यंतचं वय माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी वाढलं. माणसात हे औषध अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात. तोंडात व्रण, रक्तातली साखर आणि चरबी वाढणं, जखमा उशिरा भरणं हे त्याचे माहीत असलेले त्रास आहेत. दीर्घायुष्यासाठी स्वतःच्या मनाने ते घेऊ नका.

प्रश्न : एका पेशीच्या यीस्टला म्हातारपण कसं असतं? (बारावीची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

दोन प्रकारे मोजतात. मातृपेशीला मरेपर्यंत किती कळ्या फुटतात, ही पहिली रीत १९५९ ची. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने प्रत्येक नवी कळी बाजूला सारायची, ३० अंशांवर साधारण दीड-दीड तासाने. रात्री प्लेट फ्रिजमध्ये ठेवून काम थांबवतात. लॅबमधल्या नेहमीच्या वाणात आकडा २५ च्या आसपास येतो. मातृपेशीत रायबोसोमच्या डीएनएची सुटी वर्तुळं साठत जातात, हे १९९७ मध्ये दिसलं. फॉब-१ हे जनुक काढलं की ती कमी होतात आणि कळ्या वाढतात.

दुसऱ्या रीतीत वाढ थांबलेल्या पेशी द्रवात किती दिवस जिवंत राहतात ते बघायचं. रोज ठरावीक थेंब प्लेटवर पसरून वसाहती मोजतात. यात एक खोच आहे : २ टक्के ग्लुकोज असलेल्या द्रवात पेशी ॲसेटिक आम्ल सोडतात आणि त्याच आम्लाने मरू लागतात. एखादं जनुक काढल्यावर पेशी जास्त टिकल्या, तर ते जनुक वार्धक्याचं की नुसतं आम्ल बनवण्याचं, हे कळत नाही. तेव्हा त्याच वाणाची दुसरी बाटली पीएच ६ च्या बफरमध्ये चालवायची आणि फरक तिथेही उरतो का ते पाहायचं.